आवाज आत, घुमटराव बाहेर

घुमटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते स्टेडियमच्या लोकांनी ठेवलं, कारण हा माणूस चहात साखर कमी आहे हेसुद्धा घुमटाखाली उभं राहून सांगितल्यासारखं सांगायचा. आईबापांनी ठेवलेलं नाव पुढे फक्त विजेच्या बिलावर उरलं.

शहरातल्या बंदिस्त स्टेडियममध्ये ते निवेदक होते. बॉक्सिंग असो, बास्केटबॉल असो, गाण्यांची संध्याकाळ असो, नाहीतर दोन जादूगारांची चढाओढ असो, छताखालच्या काचेच्या खोलीत घुमटराव बसायचे आणि खाली हजारो माणसं त्यांच्या शब्दावर उठायची-बसायची. "नमस्कार, नमस्कार, नमस्काऽऽर." पहिला नमस्कार डावीकडच्यांना, दुसरा उजवीकडच्यांना आणि तिसरा, लांबवलेला, तिकीट न काढता घुसलेल्यांना, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं मात्र फारच थोडी. काचेच्या खोलीचा जिना मागच्या अंगाला होता आणि खेळ संपला की ते तिथूनच सायकल काढून घरी जायचे.

त्यांना व्यसन एकच, पहिलं असण्याचं. बायकांच्या बॉक्सिंगची पहिली लढत या स्टेडियमात झाली ती त्यांनीच जाहीर केली, आणि टर उडवायला आलेल्या टोळक्याला "मागच्या रांगेतले भाऊ, घाबरू नका, तुम्हाला कोणी रिंगमध्ये बोलावत नाही," असं माइकवरून सांगून गार केलं. लाकडी पाट्या जाऊन दिव्यांचा गुणफलक आला, त्या पहिल्या दिवशीही तेच होते. आठच्या आकड्यातले डावीकडचे दिवे उडाले, फलक तीन दाखवू लागला, आणि घुमटरावांनी ठणकावून तीन सांगितलं. पंच हात हलवून हलवून दमले. भलताच संघ एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचत बाहेर पडला. "घुमटरावांनी सांगितलं म्हणजे झालं," लोक हसत म्हणाले. तेव्हा ते वाक्य गमतीचं होतं. पुढे त्यातली गंमत गेली.

घरात त्यांच्या आवाजाला किंमत नव्हती. बायको दवाखान्याच्या टेलिफोनवर बसायची. तिचा आवाज इस्त्री केलेल्या चादरीसारखा, कुठे सुरकुती नाही. ओपीडी दुपारी बंद असते हे ती ज्या सुरात सांगायची त्याच सुरात तुमचा माणूस गेला हेही सांगायची, आणि ऐकणारा पलीकडे निमूट खुर्चीत बसायचा. तिचा भाऊ स्टेडियममध्येच वायरमन होता. रविवारी जेवायला यायचा आणि पहिल्या घासाबरोबर सुरू व्हायचा.

"भावोजी, आमटीचा स्कोअर काय?"

"आमटीऽऽ दोन वाट्या, आणि मेव्हणेऽऽ अजून भुकेलेच."

"अहो, हळू," बायको म्हणायची. "खालच्या मजल्यावरचे वाटी घेऊन येतील."

तर या माणसाचा आवाज एका थंडीत बसला आणि उठलाच नाही. खडीसाखर झाली, मिठाचं पाणी झालं, शेवटी बायकोनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांची बोलायची एक तऱ्हा होती. ते रोग्याला एकटं पाडायचे नाहीत. सगळ्यात स्वतःला धरायचे.

"आपण काय करू," डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "आपण स्वरयंत्र काढून टाकू."

"आपण म्हणजे माझंच ना?" घुमटरावांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुमचंच. श्वासासाठी गळ्याला खाली एक भोक ठेवू. आपण जगू, चांगले जगू. बोलणं मात्र आपलं राहणार नाही."

घुमटराव घरी आले आणि जेवले नाहीत. बायकोनं ताट झाकून ठेवलं. वायरमन आला तोही स्कोअर न विचारता गेला.

त्याच आठवड्यात स्टेडियमच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. अध्यक्षांना प्रत्येक वाक्याला एक 'काय' ठोकायची सवय होती, खिळा ठोकावा तसा. शेजारी एक चष्मेवाला अभियंता बसला होता. त्याचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली'नं सुरू व्हायचं.

"देशातलं पहिलं बोलतं स्टेडियम, काय," अध्यक्ष म्हणाले. "निवेदक माणूस नाही, यंत्र. पण आवाज तुमचा, काय. तुम्ही असा नसा, आवाज राहणार, काय."

"बेसिकली तुम्ही काही वाक्यं वाचायची," अभियंता म्हणाला. "त्यावरून यंत्र शिकणार. मग ते तुमच्या आवाजात काहीही बोलेल. तुम्ही कधी न बोललेलंसुद्धा."

घुमटरावांना त्यातले दोनच शब्द ऐकू आले, पहिलं आणि राहणार. मधलं सगळं डोक्यावरून गेलं.

डॉक्टरांनी सुया मारून आवाज तात्पुरता मोकळा करून दिला. वर बजावलं, "आता आपण शेवटचे चार दिवस बोलून घेऊ." गाद्या लावलेल्या खोलीत घुमटराव माइकपुढे बसले. स्वागताची वाक्यं झाली, गुणांची झाली, हरवलेल्या मुलांची झाली. मग आणीबाणीची आली: स्टेडियममध्ये आग लागली आहे, जवळच्या दारानं शांतपणे बाहेर पडा. या वाक्यांसाठी त्यांची जुनी रीत होती. माइक तोंडापासून दूर न्यायचा, आवाज खाली आणायचा, प्रत्येक शब्द वेगळा ठेवायचा. तो सूर कानावर पडला की लोक हातातली शेंग टाकून उठायचे. त्या दिवशीही ते तसंच बोलले. मग अभियंत्यानं ते परत ऐकवलं.

बंद खोलीत, यंत्रातून, तो सपाट आवाज निघाला आणि घुमटरावांच्या अंगावर काटा आला. "हा कोण रडका?" ते म्हणाले. आपण गेल्यावर मागे काय राहणार, तर हा? सुतकातला माणूस?

"पुसा हे," ते म्हणाले. "असली सगळी पुसा. मी नव्यानं देतो."

आणि त्यांनी दिलं. उद्घाटनाच्या सामन्याला लावतात तो भरजरी सूर लावून. हरवलेलं मूल, चक्कर आलेली बाई, लागलेली आग, सगळं एकाच उत्साहात. अभियंत्यानं अंगठा उंचावला. "बेसिकली एनर्जी फार छान आहे."

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी घुमटराव वरच्या वॉर्डात नळ्या लावून झोपले होते आणि बायको खाली आपल्या टेलिफोनवर बसली होती. घंटी वाजली. तिनं उचलला.

"नमस्कार, नमस्कार, नमस्काऽऽर," घुमटराव म्हणाले. "तुमच्या लाडक्या स्टेडियममधून बोलतोय. उद्घाटनाला यायचं बरं का."

तिच्या हातातला पेन खाली पडला. कितीतरी वर्षं या टेलिफोनवर तिनं काय काय ऐकलं होतं, पण बोलताना ती कधी अडखळली नव्हती.

"अहो," ती म्हणाली.

"आपलं उत्तर समजलं नाही," घुमटराव तितक्याच आनंदात म्हणाले. "येणार असाल तर एक दाबा."

तिनं टेलिफोन ठेवला. वर गेली. घुमटराव झोपले होते, तोंड मिटलेलं, आणि गळ्याच्या भोकातून श्वास शीळ घातल्यासारखा येत-जात होता. खुर्ची ओढून बसली आणि त्या शिळेकडे कान लावून राहिली, हा श्वास तरी यांचाच आहे ना म्हणून.

उद्घाटनाआधी रंगीत तालीम झाली. घुमटराव पाटी-पेन्सिल घेऊन आले. सोबत बायको. रिकाम्या स्टेडियममध्ये चौघं-पाचजण उभे होते आणि छतातून घुमटराव बोलत होते, झकास बोलत होते. खरे घुमटराव मान वर करून ऐकत होते. आरशात स्वतःला पाहून केस सारखे करावेत तसा त्यांचा हात दोनदा केसांकडे गेला.

"बेसिकली हे कॅमेऱ्यानं खुर्च्या बघतं," अभियंता म्हणाला. "खुर्च्या रिकाम्या दिसल्या की आपोआप लोकांना बोलावतं. बाहेर फाटकावरचे आणि दारांवरचे कर्णेही त्यालाच जोडलेत."

"या, या, आत या," छत म्हणालं. "जागा भरपूर आहेऽऽत."

"आणि वीज गेली तरी आवाज जाणार नाही. खाली बॅटऱ्या आहेत."

"त्या बॅटऱ्यांचं मी बोललो होतो," कोपऱ्यातून वायरमन म्हणाला. "हात लावला तर तव्यासारख्या तापतात."

"बेसिकली त्या तशाच असतात."

मग अभियंत्यानं आणीबाणीचं बटण दाबलं.

"रसिकहोऽऽ," छत आनंदानं गरजलं, "स्टेडियममध्ये आग लागलीऽऽ आहे. चला, जवळच्या दारानं बाहेर चलाऽऽ."

वायरमनला हसू फुटलं. बायको हसली नाही. ती घुमटरावांकडे वळली.

"अहो, तुम्ही लोकांना बाहेर काढताय की जेवायला बोलावताय?"

घुमटरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पाटीवर घाईघाईनं लिहिलं: हे बदला.

"आता कसं बदलणार?" अभियंता म्हणाला. "यंत्र शिकलंय ते तुमच्या आनंदी आवाजावर. गंभीर आवाज तुम्हीच पुसायला लावलात. बेसिकली त्याला दुसरा सूर माहीतच नाही."

"माझा आवाज घ्या," बायको म्हणाली. "तेवढ्या एका वाक्याला. मी रोज सांगते लोकांना असलं."

अध्यक्षांच्या कपाळावर आठी आली. "पहिलं बोलतं स्टेडियम एका आवाजाचं, काय. मधेच दुसरा आवाज आला तर ते कसलं पहिलं, काय? पण घुमटरावांनी सांगावं. त्यांचा आवाज, त्यांचा शब्द. ते म्हणतील तर घालू बाईंचा, काय."

सगळे घुमटरावांकडे बघू लागले. घुमटरावांनी एकदा बायकोकडे बघितलं. एकदा वर, छताकडे. तिथे आता त्यांच्याखेरीज कोणी नव्हतं. आणि तिथे दुसरं कोणी यावं हे त्यांना सोसवेना. त्यांनी रुमाल काढला आणि पाटी पुसली.

घरी आल्यावर बायकोनं ताटं घेतली. जेवण वाढताना एवढंच म्हणाली, "आग लागली तर लोक तुमचं ऐकतील. तीच भीती आहे."

उद्घाटनाच्या संध्याकाळी स्टेडियम खचाखच भरलं. आधी बास्केटबॉल, मग गाणी. घुमटरावांनी गळ्याला रेशमी रुमाल बांधला होता. खालच्या दाराजवळच्या दोन खुर्च्या त्यांना मिळाल्या होत्या. शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते, मांडीवर शेंगांची पुडी.

"आवाज ऐकलात?" गृहस्थ घुमटरावांच्या कानाशी वाकून म्हणाले. "घुमटराव म्हणायचे त्यांना. गेले बिचारे. म्हणून यंत्रात भरून ठेवलाय."

घुमटरावांनी मान डोलावली. दुसरं काय करणार?

दुसरं गाणं चालू असताना त्यांना वास आला. रबर जळतंय असा. बायकोनंही नाक वर केलं. तेवढ्यात गाणं बंद झालं आणि छत बोललं.

"रसिकहोऽऽ, स्टेडियममध्ये आग लागलीऽऽ आहे."

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली.

"चला, जवळच्या दारानं बाहेर चलाऽऽ."

"वा," गृहस्थ म्हणाले. "आता बघा, खोटा धूरसुद्धा सोडतील."

धूर आलाच. बसायच्या पायऱ्यांच्या फटींतून, खालून, काळसर. त्याला जास्तच टाळ्या पडल्या. मुलांनी त्यात हात घालून बघितले. घुमटराव उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी दाराकडे खुणा करू लागले. मागून आवाज आला, "ओ काका, बसा की, दिसत नाही आम्हाला." त्यांनी गृहस्थांचा दंड धरून ओढला. गृहस्थांनी हात झटकला. घुमटरावांचं तोंड उघडलं, जबडा हलला, गळ्यातून नुसती हवा सुटली. आणि वर त्यांचाच आवाज रंगात आला होता, चला चला म्हणत होता, जसं काही बाहेर मिठाई वाटताहेत.

मग दिवे गेले. वायरमननं मुख्य लाइन तोडली होती, आणि बॅटऱ्यांवर यंत्र नव्यानं सुरू होईपर्यंत छतही गप्प झालं. दारांवरचे हिरवे दिवे तेवढे राहिले आणि त्या अंधारात लोकांना पहिल्यांदा खोकला ऐकू आला, स्वतःचा आणि शेजाऱ्याचा. बायको खुर्चीवर चढली.

"उठा," ती म्हणाली. ओरडली नाही. "पिशव्या राहू द्या. मुलांचा हात धरा. डावीकडे चला. आता पुढची रांग. उठा."

तिच्या समोरची रांग उठली. मग तिच्यामागची. घुमटराव दारात उभे राहून एकेकाला खांद्याला धरून बाहेर ढकलत होते. वरच्या बाजूला वायरमन आणि दारवान हेच करत होते. शेवटचा माणूस बाहेर आला तेव्हा सगळ्यांचे चेहरे काजळलेले होते, पण माणसं बाहेर होती.

स्टेडियमच्या आवारात गर्दी उभी राहिली. तिथून बघता काहीच दिसत नव्हतं. भिंती जागच्या जागी, छत जागच्या जागी, दारातून थोडासा धूर. खरी आग होती ती जमिनीखाली, बॅटऱ्यांच्या खोलीत, आणि न पेटलेल्या बॅटऱ्या अजून वीज देत होत्या. लोकांच्या छातीतली धडधड उतरली आणि रागाला सुरुवात झाली. तिकिटाचं काय, पिशवी आत राहिली, माझा एक बूट आत आहे.

"या, या," फाटकावरचे कर्णे म्हणाले. "आत या. जागा भरपूर आहेऽऽत."

बायकोच्या हाताची पकड घुमटरावांच्या मनगटावर घट्ट झाली. कॅमेऱ्यांनी खुर्च्या बघितल्या होत्या. रिकाम्या होत्या.

"विझली वाटतं," कोणी म्हणालं.

"घुमटराव बोलावताहेत. चला."

"असं रिकामं बसू नकाऽऽ. खेळ सुरू होतोऽऽय."

गर्दी हलली. रागावलेली माणसं लवकर हलतात. घुमटराव बायकोचा हात सोडवून धावले आणि उघड्या दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. पाठीला धग लागली. मघाशी नव्हती एवढी. पायाखालची फरशी गरम झाली होती.

सगळ्यात पुढे शेंगावाले गृहस्थ होते. "अहो, बाजूला व्हा. माझी पिशवी आहे आत."

घुमटरावांनी जोरजोरात मान हलवली.

"ऐकू येत नाही का? तो या म्हणतोय ना?"

"जाऊ नका," बायको धापा टाकत त्यांच्या शेजारी येऊन म्हणाली. "आतमध्ये आग आहे. हेच ते. हेच घुमटराव. हे सांगताहेत, जाऊ नका."

गृहस्थांनी या काजळलेल्या, केस पिंजारलेल्या माणसाला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग डोक्यावरच्या कर्ण्याकडे बघितलं.

"मग बोलू दे ना त्यांना."

मागून रेटा आला. पुढची रांग पाऊलभर सरकली. घुमटरावांचे हात चौकटीवरून निसटायला लागले. बायको काहीतरी बोलत होती, पण कर्णा तिच्या डोक्यावरच होता आणि तो खेळाडूंची नावं वाचायला लागला होता. एकेक नाव लांबवून, चढवून, जसं घुमटरावांनाच जमायचं.

घुमटरावांनी एक हात सोडला. गळ्याचा रुमाल ओढला. गाठ घट्ट बसली होती. पुन्हा ओढला तसा तो फाटून हातात आला.

त्यांनी मान वर केली आणि गळा गृहस्थांच्या तोंडासमोर नेला. भोकाच्या कडा काळ्या झाल्या होत्या. धूर तिथूनच आत गेला होता. घुमटरावांना खोकला आला आणि तो तोंडातून नाही, गळ्यातून आला, काळ्या थुंकीसकट, गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टावर.

गृहस्थ मागे सरकले. त्यांच्या बाजूची बाई मागे सरकली. तिनं हाताला धरलेल्या मुलीनं डोळे झाकले.

"हेच," बायको म्हणाली. एवढंच.

गृहस्थांनी तो गळा बघितला आणि वर बघितलं. कर्णा खुशीत होता. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"जाऊ नका," ते वळून मागच्यांना म्हणाले. "घुमटराव नको म्हणताहेत."

"काहीतरीच," मागून कोणी ओरडलं. "घुमटराव तर या म्हणताहेत. ऐकू येतंय की."

"ते घुमटराव नाहीत."

"मग कोण आहे?"

गृहस्थ घुमटरावांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हात पसरले. मग ती बाई, मुलीला कडेवर घेऊन. मग आणखी दोघं. पुढच्यांनी गळा बघितला होता, ते पाठ देऊन उभे राहिले. मागच्यांनी नुसता आवाज ऐकला होता, ते ढकलत राहिले. दूर कुठेतरी अग्निशमनाची घंटा वाजत होती, जवळ येतेय की वळून भलतीकडे जातेय ते कळत नव्हतं.

"या, या," डोक्यावर घुमटराव म्हणत होते. "पुढे या. लाजू नकाऽऽ."

घुमटराव गळ्यावर हात ठेवून श्वास घेत होते, आणि दार सोडत नव्हते.